अपुरी राहिलेली स्टॅन्ले कप मालिका

सिअ‍ॅटल : १९१९चा स्टॅन्ले कप कोणीच जिंकला नाही. कॅनडाचे गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅन्ले यांनी १८९२ मध्ये देऊ केलेला हा चषक तोवर व्यावसायिक आइस हॉकीतला सर्वोच्च मान झाला होता. पूर्वेची नॅशनल हॉकी लीग आणि प्रशांत किनाऱ्यावरची लीग यांचे विजेते त्यासाठी मार्चमध्ये भिडत.

सिअ‍ॅटल मेट्रोपॉलिटन्स आणि मॉन्ट्रियल कॅनेडियन्स यांची चुरस जुनी होती. १९१७ मध्ये मॉन्ट्रियललाच हरवून सिअ‍ॅटलने हा चषक पहिल्यांदा अमेरिकी संघाच्या नावावर केला होता. अर्थात त्या संघातले खेळाडूही बहुतेक कॅनडाचेच. दोन्ही लीगचे नियम वेगळे. पूर्वेत एका बाजूला सहा खेळाडू असत, पश्चिमेत सात. सातवा 'रोव्हर' बर्फावर कुठेही मोकळा फिरे. म्हणून सामने आळीपाळीने एकेका नियमाने होत. १९१९ मध्ये हे दोघे पुन्हा समोरासमोर आले, तेव्हा पश्चिमी नियमांनी सिअ‍ॅटलने पहिला सामना ७-० असा जिंकला. पूर्वेच्या नियमांनी झालेला दुसरा मॉन्ट्रियलने ४-२ असा घेतला आणि चारही गोल न्यूझी लालोंदचे होते. तिसऱ्यात सिअ‍ॅटलच्या फ्रँक फॉइस्टनने चार गोल करून त्याची फेड केली, ७-२.

चौथा सामना या मालिकेचा कळस मानावा लागेल. एकीकडे मॉन्ट्रियलचा जॉर्ज व्हेझिना, दुसरीकडे सिअ‍ॅटलचा हॅप होम्स. दोन्ही गोलरक्षकांनी रबरी चकती एकदाही आत जाऊ दिली नाही. वीस मिनिटांच्या जादा वेळेनंतरही ०-०! पाचव्यात ०-३ असे मागे पडलेल्या मॉन्ट्रियलने बरोबरी साधली, आणि जादा वेळेत जॅक मॅकडोनाल्डच्या गोलने सामना ४-३ असा जिंकला. मात्र त्यांच्या बचावपटू जो हॉलला तापामुळे सामना अर्धवट सोडावा लागला होता.

तो ताप इन्फ्लुएन्झाचा होता. याच साथीला महाराष्ट्रात मानमोडी म्हणत. १ एप्रिलचा निर्णायक सामना काही तास आधी रद्द झाला, कारण मॉन्ट्रियलचे बरेचसे खेळाडू आणि व्यवस्थापक जॉर्ज केनेडी अंथरुणाला खिळले होते. केनेडींनी चषक सोडून देण्याची तयारी दाखवली. सिअ‍ॅटलचे प्रशिक्षक पीट मुल्डून यांनी आजारी प्रतिस्पर्ध्याकडून तो घ्यायला नकार दिला. या खेळाच्या इतिहासात याहून मोठा निर्णय शोधावा लागेल. ५ एप्रिलला हॉल न्यूमोनियाने सिअ‍ॅटलमध्येच वारला. केनेडींची प्रकृतीही पुन्हा सावरली नाही. १९२१ मध्ये तेही गेले.

पुढे १९४८ मध्ये चषकाची नव्याने बांधणी झाली, तेव्हा त्यावर १९१९ समोर दोन्ही संघांची नावे आणि मालिका पूर्ण न झाल्याची नोंद कोरण्यात आली.