पेशीवरची साखर ओळखणारी प्रथिने



साखर म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे उतारा आणि पोती येतात. पण आपल्या अंगातल्या पेशींवरही निरनिराळ्या साखरांच्या बारीक साखळ्या असतात. (मधुमेहात मोजतात ती साखर वेगळी.) या साखळ्या म्हणजे पेशीची पावतीच म्हणा ना! काट्यावरचा कारकून पावती बघून ऊस कुणाचा ते सांगतो. तशी पेशीवरची पावती वाचणारी प्रथिने असतात. त्यांना ‘लेक्टिन’ म्हणतात.

लेक्टिनचे काम साखर ओळखून धरायचे. आपल्या रक्तातले एक लेक्टिन जंतूंवरची मॅनोज साखर ओळखून त्यांना चिकटते आणि त्यांच्या नाशाला हातभार लावते. जखम झाली की रक्तवाहिनीच्या अस्तरावरची लेक्टिने पांढऱ्या पेशींना तिथे थोपवतात. बांधावरच्या एरंडाच्या बियांतही असे प्रथिन आहे. ते तांबड्या पेशींच्या गुठळ्या करते, हे श्टिलमार्क यांनी १८८८ साली दाखवले.

मग आपला संबंध काय? १९५२ साली मुंबईच्या डॉ. वाय. एम. भेंडे व सहकाऱ्यांनी एक नवा रक्तगट जगापुढे मांडला. तो ‘बॉम्बे’ रक्तगट. ओ गटाच्या पेशींवर ‘एच’ नावाची साखरेची खूण असते. बॉम्बे गटात तीच नसते. साध्या तपासणीत हे रक्त ‘ओ’ दिसते. पण अशा माणसाला ओ रक्त चढवले तर त्याचे शरीर त्या पेशी फोडते आणि जिवावर बेतते. त्याला बॉम्बे गटाचेच रक्त लागते. आपल्या देशात दहा हजारांत सुमारे एक जण असा असतो.

हा फरक दाखवते लेक्टिनच! युलेक्स नावाच्या युरोपातल्या काटेरी झुडपाच्या बियांतील लेक्टिनने ओ गटाच्या पेशींच्या गुठळ्या होतात. बॉम्बे गटाच्या पेशी सुट्या राहतात.

हंगामात अपघात होतात, बाळंतपणे अडतात. रात्री-अपरात्री पेशंट छत्रपती संभाजीनगरला घाटीत न्यावा लागतो. अशा वेळी कार्डावर ‘ओ’ लिहिलंय म्हणून निर्धास्त राहू नका. रक्त जुळवून पाहिल्याची खात्री करा. ओ रक्त जुळत नसेल तर ‘एच’ तपासणीविषयी विचारा. घरात कुणी बॉम्बे गटाचा निघाला तर सख्ख्या भावंडांचेही रक्त तपासा. जुळणारा दाता तिथे मिळण्याचा संभव अधिक. असा दाता गाठीला असणे म्हणजे एक जीव राखीव ठेवणे, असे आम्ही समजतो.