पाना तुटला, तर नुकसान कोणाचे?

गवंड्याची थापी, सुताराचा रंधा, प्लंबरचा पाइप पाना या वस्तूंवर घरची चूल पेटते. नवा पाना आठवड्यात तुटला तर त्याच्या किमतीबरोबर त्या दिवसाची मजुरीही जाते. आपल्या मेहकरात असे हातावर पोट असलेले कारागीर पुष्कळ आहेत. म्हणून हत्यार घेताना भावाइतकीच वॉरंटीचीही चौकशी करावी.

नावाजलेल्या कंपनीचे हत्यार थोडे महाग पडते. नाशिकच्या टपारिया कंपनीने १९६९ साली स्वीडनच्या कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने हत्यारे बनवायला सुरुवात केली. तिची पक्कड आज गावोगावच्या मिस्त्रींच्या पेटीत दिसते. पण नुसत्या नावावर विसंबू नये. हत्यारांची वॉरंटी बहुधा बनावटीतल्या दोषापुरती असते, जसे लोखंडात भेग असणे किंवा जबडा नीट न बसणे. वापराने झालेली झीज तीत येत नाही. दांड्याला पाइप अडकवून जोर लावला किंवा पान्यानेच ठोकाठोक केली, तर कंपनी जबाबदारी घेत नाही. ‘लाइफटाइम वॉरंटी’ या शब्दांमागेही अशा अटी असतात. शिवाय बाजारात नकली मालही असतो, आणि त्याची जबाबदारी मूळ कंपनी घेत नाही.

माझ्या एका माजी विद्यार्थ्याचा पाना चौथ्या दिवशी तुटला. दुकानदाराने पाटीकडे बोट दाखवले: ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ त्याच्याकडे बिल नव्हते, म्हणून तो गप्प परतला.

ही पाटी सदोष मालाला लागू होत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे सदोष माल बिलावरील मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसल्यास ३० दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापार प्रथा आहे. बिल न देणे हीसुद्धा तशीच प्रथा आहे. स्वतः राबून पोट भरण्यासाठी हत्यार घेणारा कारागीरही कायद्याने ग्राहकच ठरतो. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. तिथे काम झाले नाही तर बुलढाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही.

आपल्यासाठी हा दीनचाही प्रश्न आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा आतले धान्य ओले निघाले. ओला भाग वर का ठेवला नाही, असे विचारून त्यांनी फसवणुकीबद्दल कडक इशारा दिला. मालातला दोष लपवला असेल तर ग्राहकाला सौदा मोडण्याचा हक्क आहे. फिक्हमध्ये याला ‘खियार-ए-ऐब’ म्हणतात. पस्तावलेल्या ग्राहकाचा सौदा राजीखुशीने परत घेणाऱ्याला हदीसमध्ये अल्लाहच्या माफीची खुशखबर आहे.

आपल्यात कारागीर आहेत तसे दुकानदारही आहेत. दुकानदाराने न मागता बिल द्यावे, वॉरंटीची अट तोंडीही सांगावी. कारागिराने बिलाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, हत्यार दुकानातच उघडून पाहावे. आणि आपल्याच चुकीने तुटलेला पाना ‘असाच निघाला’ म्हणून परत नेऊ नये. फसवणूक दुकानाच्या कोणत्याही बाजूने झाली, तरी रोजीतली बरकत जातेच.