प्रथमपुरुषी नेमबाजीचे खेळ आणि जुनी क्रीडायंत्रे

व्याकरणातील एखादी संज्ञा शास्त्राची वेस ओलांडून बाजारात जावी आणि तेथे तिला मूळच्यापेक्षा अधिक प्रसिद्धी मिळावी, असे क्वचितच घडते. 'फर्स्ट पर्सन शूटर' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या व्हिडिओ गेमच्या बाबतीत ते घडले आहे. यातील 'फर्स्ट पर्सन' म्हणजे आपल्या मराठी व्याकरणातील प्रथमपुरुष, बोलणारा जो 'मी' तो. (संस्कृत वैयाकरणांचा प्रथमपुरुष म्हणजे 'तो' आणि त्यांचा उत्तमपुरुष म्हणजे 'मी', हे येथेच सांगून ठेवलेले बरे, नाही तर संस्कृतज्ञ वाचकांचा भलताच गैरसमज व्हावयाचा.) या खेळांत खेळणाराला पडद्यावर स्वतःची आकृती दिसत नाही. दिसतो तो फक्त हातातील शस्त्राचा शेंडा, आणि त्यापुढे पसरलेले जग. सर्वनामाचेही असेच असते. 'मी' या शब्दात बोलणाराचे रंगरूप नसते; 'येथे', 'तेथे', 'अलीकडे', 'पलीकडे' हे सारे शब्द ज्या बिंदूपासून मोजावयाचे, तो बिंदू मात्र असतो.

मराठीत 'मी पाहतो' आणि 'मला दिसते' अशी दोन वाक्ये आहेत आणि ती समानार्थी नाहीत. पाहणे ही कर्त्याची कृती होय. दिसणे ही त्याच्या बाबतीत घडणारी घटना होय, आणि म्हणूनच तेथे 'मी' चतुर्थीत जातो. मालवणीत हेच 'माका दिसता' असे होते. पाहण्याचे काम खेळणारा करतो. बटणे दाबून मान वळवतो, पावले टाकतो. 'माका दिसता' ही बाजू मात्र सर्वस्वी यंत्राकडे असते. दर सेकंदास वीस-तीस वेळा त्याला नव्याने ठरवावे लागते की, या क्षणी या बिंदूवरून काय दिसते आणि काय दिसत नाही. यंत्र जितके दुबळे, तितके या प्रश्नाच्या उत्तरार्धास महत्त्व अधिक. जुन्या कन्सोलवरील या जातीच्या खेळांची थोरवी त्यांनी किती रेखाटले यावर मोजण्याचा प्रघात आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते ती त्यांनी काय रेखाटले नाही, आणि ते न रेखाटल्याचे खेळणाराच्या लक्षात कसे येऊ दिले नाही, यावर मोजली पाहिजे.

महाराष्ट्रातील घरांतून १९९० नंतरच्या दशकात जी क्रीडायंत्रे आली, ती बव्हंशी निन्टेन्डो कंपनीच्या १९८३ सालच्या फॅमिकॉम या यंत्राच्या स्वस्त नकला होत्या. खेळाच्या खोक्याला आपल्याकडे 'कॅसेट' म्हणत. आत फीत नसून चिप असते, याची पर्वा भाषेने केली नाही. या यंत्रांबरोबर पुष्कळदा प्लॅस्टिकची बंदूक मिळे आणि तिने बदकांची शिकार करावयाची असे. हा 'डक हंट' खेळ मूळचा १९८४ चा. बंदुकीतून काही सुटते असे मुलांना वाटे; वस्तुतः बंदूक काही सोडत नसे, ती पाहत असे. चाप ओढला की क्षणभर सारा पडदा काळा होई आणि लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटे. नळीतील प्रकाशग्राहकाने काळ्यामागून पांढरे टिपले तर नेम लागला, एरवी चुकला. हा खेळही प्रथमपुरुषी म्हणता येईल. पण यातील 'मी' घरात चटईवर बसलेला असतो. त्याला पडद्याच्या आत नेऊन चालावयास लावणे हे त्या यंत्राच्या शक्तीबाहेरचे होते.

ते काम वैयक्तिक संगणकावर प्रथम लोकप्रिय केले ते अमेरिकेतील इड सॉफ्टवेअर या संस्थेने, १९९२ च्या 'वुल्फेन्स्टाइन थ्रीडी' या खेळाने. तोच खेळ सुपर निन्टेन्डो या कन्सोलवर आणताना मोठी अडचण उभी राहिली. सुपर निन्टेन्डोचा मुख्य प्रोसेसर फार तर ३.५८ मेगाहर्ट्झ वेगाचा. संगणकावर वापरलेली रीत, म्हणजे डोळ्यापासून एकेक किरण सोडून तो कोणत्या भिंतीला लागतो ते शोधणे, येथे फारच संथ ठरली. तेव्हा जॉन कारमॅक यांनी १९८० च्या सुमारास संगणकीय चित्रणाच्या अभ्यासकांनी मांडलेली एक रीत उपयोगात आणली. तिला अवकाशाचे द्विभाजन म्हणता येईल.

कोकणातील वाडीत आगरा-परड्यांभोवती चिऱ्याचे गडगे असतात. कल्पना करा की, एका गडग्याची रेघ दोन्ही बाजूंस वाढवून साऱ्या वाडीचे दोन भाग केले. मग प्रत्येक भागातील दुसरा एक गडगा घेऊन त्याचेही दोन भाग केले, आणि असे गडगे संपेपर्यंत करीत गेलो. ही वाटणी एकदाच, खेळ तयार करतानाच करून ठेवावयाची. नंतर पाहणारा वाडीत कोठेही उभा असो, प्रत्येक रेघेविषयी एकच प्रश्न विचारावा लागतो: तो हिच्या अलीकडे आहे की पलीकडे? अलीकडचे आधी घ्यावयाचे, पलीकडचे मागाहून. एवढ्याने जवळून दूर असा साऱ्या भिंतींचा क्रम आपोआप हाती येतो, आणि जवळच्या भिंतीने झाकलेली दूरची भिंत रंगविण्याचे श्रम वाचतात. भूमिती खेळाआधीच उरकलेली असते. खेळताना उरतात ती दोन क्रियाविशेषणे. हीच रीत पुढे १९९३ च्या 'डूम' या खेळाचा पाया बनली. समर्थ संगणकासाठीचा शोध दुबळ्या कन्सोलच्या नडीतून पक्का व्हावा, ही गोष्ट यंत्रांच्या इतिहासात दुर्मीळ नसली तरी मननीय खासच आहे.

'डूम'ला संगणकात निदान ४ मेगाबाइट मेमरी लागे. सुपर निन्टेन्डोची स्वतःची कामाची मेमरी १२८ किलोबाइट, म्हणजे तिचा बत्तिसावा हिस्सा. तरीही १९९५ साली रँडल लिंडेन यांनी हा खेळ त्या यंत्रावर आणला. त्यासाठी त्यांनी चित्रणाचा प्रोग्राम मुळापासून स्वतंत्रपणे लिहिला आणि कॅसेटमध्येच सुपर एफएक्स २ ही सुमारे २१ मेगाहर्ट्झ वेगाची सहायक चिप बसविण्यात आली. पण चिप दिली म्हणून अडचण सरली असे नव्हे. या कन्सोलला बिंदू-बिंदूंनी चित्र काढणे ठाऊकच नाही. आठ बाय आठ बिंदूंच्या फरश्या मांडून चित्र रचणे एवढेच त्याला येते. चिपने काढलेले प्रत्येक दृश्य अशा फरश्यांत कापून, पडदा पुन्हा उजळण्यापूर्वीच्या अल्पशा उसंतीत, चित्रस्मृतीत ढकलावे लागे. म्हणून दृश्याभोवती चौकट ठेवून त्याचा आकार लहान केलेला आहे. जमीन आणि छत यांवर पोत नाही, सपाट रंग आहे. शत्रूंच्या पाठीची आणि बगलेची चित्रे गाळली आहेत. ते सदैव आपल्याकडेच तोंड करून असतात.

या शेवटच्या गोष्टीवर टीकाकारांनी पुष्कळ तोंडसुख घेतले आहे. पण मूळ 'डूम'मधील शत्रूदेखील घनाकार नव्हतेच. तीही कागदी पातळ चित्रे. प्रत्येक शत्रूची निरनिराळ्या कोनांतून काढलेली चित्रे जवळ ठेवून प्रसंगानुसार त्यांतले एक पुढे करावयाचे, एवढेच. आपल्या कुडाळनजीकच्या पिंगुळीचे ठाकर कलावंत चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करतात, त्याची येथे आठवण होते. (या परंपरेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली.) सपाट बाहुली, मागे दिवा, पुढे पांढरे कापड. रावणाला पाठ नाही म्हणून प्रेक्षक तक्रार करीत नाही, कारण कथेच्या त्या क्षणी त्याला पाठीचे प्रयोजन नसते. लिंडेन यांनी ओळखले ते हेच. समोरून चालून येणाऱ्याची पाठ काढण्यात स्थळ खर्च करण्यापेक्षा ते मूळ खेळाच्या प्रशस्त दालनांसाठी, उंच-सखल जमिनीसाठी राखावे, हा त्यांचा निर्णय मला योग्य वाटतो. छताचा पोत गाळल्याचे मात्र डोळ्यांना खुपते. तेथे भ्रम तुटतो.

सहायक चिपेवाचूनही प्रयत्न झाले. सेगा मेगा ड्राइव्हवरील 'झीरो टॉलरन्स' (१९९४) हा ७.६७ मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरवर आणि ६४ किलोबाइट मुख्य मेमरीवर चालतो. त्याची दृश्याची खिडकी लहान आहे, पण दोन यंत्रे तारेने जोडून दोघांनी एकत्र खेळण्याची सोय त्यात होती. गेम बॉयवरील 'फेसबॉल २०००' (१९९१) त्याहून साधा.

शक्तीचा नव्हे, तर स्वभावाचाच विरोध पत्करून केलेले काम पाहावयाचे असेल तर सेगा सॅटर्नकडे वळले पाहिजे. १९९४ साली जपानात निघालेल्या या यंत्रात दोन प्रोसेसर होते, पण त्यांना अपूर्णांकांचे गणित करणारे स्वतंत्र अंग नव्हते. इतर यंत्रे त्रिकोणांनी घन आकार रचीत. सॅटर्न चौकोनांनी रची, आणि प्रत्येक चौकोनावर चित्र ताणून बसवी ते संपूर्ण. चित्राचा एखादा तुकडा निवडण्याची मुभा नसे. भिंत पडद्याच्या कडेला अर्धी कापावयाची झाली, तर चित्र अर्धे कापता येत नसे. लोबोटॉमी सॉफ्टवेअर या लहानशा अमेरिकन संस्थेतील एझ्रा ड्राइस्बाख यांनी या यंत्रासाठी 'स्लेव्हड्रायव्हर' नावाची चित्रणप्रणाली रचली. तिच्यावर १९९६ चा 'पॉवरस्लेव्ह' हा प्राचीन इजिप्तच्या पार्श्वभूमीवरचा खेळ उभा राहिला, आणि १९९७ साली त्यांनी 'क्वेक' सॅटर्नवर आणला. 'क्वेक'चा मूळ प्रोग्राम अपूर्णांकी गणितावरच उभा. तो येथे निरुपयोगी होता. म्हणून त्यांनी खेळातील वास्तू स्वतःच्या प्रणालीत नव्याने बांधून काढल्या आणि वर रंगीत प्रकाशाची भर घातली. हे रूपांतर शब्दाला शब्द ठेवणारे नाही. मूळ कृती दुसऱ्या भाषेत पुन्हा लिहिल्यासारखे आहे. माझ्या मते जुन्या कन्सोलवरील प्रथमपुरुषी खेळांत तंत्राच्या दृष्टीने पहिला मान याचाच.

निन्टेन्डो ६४ वर (१९९६) यंत्र बलवान होते, पण पोतासाठी त्याच्या चित्रण-चिपेत अवघी ४ किलोबाइट जागा होती. 'टुरोक' (१९९७) या खेळाने दूरचे न रेखाटण्यासाठी सरळ धुके पसरले. आषाढात आंबोलीचा घाट चढलेल्या वाचकास हा उपाय समजावून सांगावयास नको: दहा हातांवरचे झाड आहे, त्यापलीकडे काही नाही, आणि नसल्याचे आश्चर्यही वाटत नाही. रेअर या ब्रिटिश संस्थेच्या 'गोल्डनआय ००७' ने (१९९७) याहून नाजूक मार्ग काढला. तेथे पडद्याचे चार भाग करून चौघे एकदम खेळू शकत. एकाच यंत्राला चार निरनिराळ्या 'माका दिसता'ची उत्तरे द्यावी लागत. दृश्य मंदावे, ही खरी गोष्ट. पण चार स्वतंत्र 'मी' एकाच खोलीत, एकाच पडद्यासमोर बसून ज्याला मराठीत 'आपण' म्हणतात ते येथे होत. आणि शेजाऱ्याच्या कोपऱ्यात डोकावून तो कोठे लपला आहे ते पाहणे ही लबाडी समजावी की कौशल्य, याविषयी एकमत कधीच झाले नाही.

गेमक्यूबवरील 'मेट्रॉइड प्राइम' (२००२) येईपर्यंत यंत्रांची ओढाताण बरीच कमी झाली होती. तरीही पुढील दालन मेमरीत आणण्यास वेळ हवाच, आणि तो वेळ उघडण्यास रेंगाळणाऱ्या दारांच्या मागे लपविलेला आहे. या खेळात नायिका शिरस्त्राण घालून वावरते. जवळच स्फोट झाला की, तिच्या डोळ्यांपुढील काचेत क्षणमात्र तिचाच चेहरा उमटतो. जो 'मी' कधी दिसू नये हा या खेळांचा नियम, तो येथे प्रकाशाच्या एका लखलखाटापुरता दिसतो.

हे सारे कसे साधले, हे कळण्यास आज कॅसेट हाती असणे पुरेसे नाही. तिच्यात असतो तो यंत्राला कळेल असा आकड्यांचा पाठ. कर्त्याने लिहिलेली मूळ संहिता वेगळी असते, आणि संस्था बुडाली वा कपाटे आवरली गेली की ती नष्ट होते. इडने संगणकावरील 'डूम'ची संहिता १९९७ च्या डिसेंबरात खुली केली. सुपर निन्टेन्डोसाठी लिहिलेली आपली संहिता रँडल लिंडेन यांनी २०२० साली, खेळ निघाल्यावर पंचवीस वर्षांनी, सर्वांस वाचण्यासाठी प्रसिद्ध केली.