संगणकातल्या वाद्यवृंदाचा साचा

जून महिन्यात शाळा उघडली की वर्गशिक्षक आधी हजेरीपट आखून घेतात. नावे एकदा क्रमाने लिहिली, रकाने एकदा पाडले, की पुढे रोज फक्त खूण करायची. रोज सकाळी कोऱ्या कागदावर सगळी नावे नव्याने लिहायची पाळी आली, तर शिकवायला वेळ उरणार नाही. संगणकावर वाद्यवृंदासाठी संगीत रचणाऱ्यांपुढेही नेमकी हीच अडचण असते आणि तिच्यावरचा त्यांचा उपायही हजेरीपटासारखाच आहे. त्याला ‘टेम्प्लेट’ म्हणतात. आपण ‘साचा’ म्हणू. वरवर पाहता ही निव्वळ कारकुनी सोय वाटते. पण चांगला साचा तयार करायचा तर ध्वनीच्या अनेक गुणधर्मांचा विचार करावा लागतो. तो कसा, ते या लेखात पाहू.

कागदावरचा साचा

ही कल्पना संगणकाबरोबर आलेली नाही. पाश्चात्त्य वाद्यवृंदाची स्वरलिपी ज्या मोठ्या कागदावर लिहितात, त्यावर वाद्यांचा क्रम ठरलेला असतो. सर्वांत वर बासरी, ओबो, क्लॅरिनेट, बसून ही लाकडी गटातली फुंकवाद्ये, त्यांखाली हॉर्न, ट्रंपेट, ट्रोंबोन ही पितळी वाद्ये, मग तालवाद्ये, आणि सर्वांत खाली व्हायोलिनपासून डबल बासपर्यंतची तंतुवाद्ये. क्रम पक्का असल्यामुळे वाचणाऱ्याची नजर हव्या त्या ओळीवर आपोआप जाते.

मुंबईच्या चित्रपटसंगीतात ही लेखी शिस्त रुजवण्यात गोव्यातील चर्चच्या शाळांमधून स्वरलिपी शिकलेल्या वादकांचा वाटा मोठा आहे. अँथनी गोन्साल्विस आणि सेबास्टियन डिसोझा हे त्यांतले नामवंत संयोजक. गोन्साल्विस यांनी तर १९५८ मध्ये ‘इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा’ उभा केला होता. संगीतकाराने दिलेल्या चालीला वाद्यवृंदाची जोड हे संयोजक कागदावर देत. त्यावरून प्रत्येक वादकासाठी स्वतंत्र प्रत उतरवली जाई आणि ताडदेव, वांद्रे येथील ध्वनिमुद्रणगृहांत सारा ताफा एकत्र बसून वाजवी. पुढे सिंथेसायझर आले. १९८० आणि १९९० च्या दशकांत बहुमार्गी ध्वनिमुद्रण व संगणक यांचा वापर वाढला आणि एकत्र बसून वाजवणाऱ्या अनेक वादकांचे काम कमी होत गेले.

या बदलाला दुसरी बाजूही आहे. कल्याणहून कर्जतकडे निघाले की पहिले स्थानक लागते ते विठ्ठलवाडीचे. तिथे रुळांलगतच्या एखाद्या खोलीत राहणाऱ्या होतकरू संगीतकाराची कल्पना करा. त्याला ऐंशी वादक बोलावणे परवडणार नाही. माइक लावून काही ध्वनिमुद्रित करू म्हटले, तर थोड्या थोड्या वेळाने जाणारी लोकल मध्येच येणार. तरीही आपल्या डोक्यातली रचना वाद्यवृंदाच्या आवाजात त्याला ऐकता येते. हे कसे शक्य होते?

आज्ञा आणि आवाज

येथे दोन गोष्टी वेगळ्या ओळखल्या पाहिजेत. पहिली म्हणजे आज्ञा: कोणता सूर, केव्हा, किती जोराने आणि किती वेळ. कीबोर्डची पट्टी दाबली की आवाज नव्हे, तर हे आकडे संगणकाकडे जातात. त्यांची १९८३ पासून सर्वमान्य असलेली भाषा म्हणजे ‘मिडी’. तिच्यात पट्टी दाबण्याचा जोर ० ते १२७ या आकड्यांत सांगतात आणि एका जोडणीवर १६ वाहिन्या असतात.

दुसरी गोष्ट म्हणजे आवाज. खऱ्या वादकांकडून एकेक सूर वाजवून घेऊन त्यांचे ध्वनिमुद्रित नमुने साठवलेले असतात. आज्ञा आली की संगणक योग्य तो नमुना शोधून वाजवतो.

असे किती नमुने लागतील? समजा, व्हायोलिनच्या पल्ल्यातले २२ सूर घेतले. मधले सूर शेजारच्या नमुन्यावरून किंचित ताणून किंवा आकसून मिळवता येतात. प्रत्येक सूर मंद ते जोरकस अशा ४ पातळ्यांवर, १० वादनप्रकारांत, दर वेळी ३ वेळा आणि ३ ठिकाणच्या माइकांनी मुद्रित केला. एकच नमुना लागोपाठ वाजला तर यांत्रिक वाटतो, म्हणून ‘३ वेळा’. एकूण नमुने झाले २२ × ४ × १० × ३ × ३, म्हणजे ७,९२०. सेकंदाला ४८,००० मोजमापे, प्रत्येक मोजमाप ३ बाइटचे आणि डावा-उजवा असे २ मार्ग धरले, तर ५ सेकंदांच्या एका नमुन्याला सुमारे १४.४ लाख बाइट लागतात. सगळे मिळून ११ गीगाबाइटच्या वर गेले आणि हा झाला एकच गट!

एवढे सगळे चालू स्मृतीत मावणे कठीण. म्हणून प्रत्येक नमुन्याचा फक्त आरंभ, समजा ६०,००० बाइट, स्मृतीत तयार ठेवतात. तेवढ्यावर सुमारे एक पंचमांश सेकंद निघतो आणि तेवढ्यात उरलेला भाग डिस्कवरून वाचून होतो. या युक्तीने आपल्या ११ गीगाबाइटचे काम अर्ध्या गीगाबाइटपेक्षा कमी स्मृतीत भागते. शिवाय चांगल्या साच्यात सर्व वाद्यांच्या ओळी मांडलेल्या असल्या तरी न लागणारी वाद्ये ‘झोपवून’ ठेवतात. जे लागेल तेवढेच जागे करायचे.

साच्यात काय ठरवायचे?

पहिले म्हणजे खुणा. शाळेत एक ठोका पडला की तास संपला आणि लांब घंटा झाली की शाळा सुटली, हे कोणाला सांगावे लागत नाही. तसेच व्हायोलिनच्या पल्ल्याबाहेरच्या, अगदी डावीकडच्या पट्ट्या खुणेसाठी वापरतात. एक दाबली की गजाने लांब सूर, दुसरी दाबली की तुटक सूर, तिसरी दाबली की बोटाने छेडलेला सूर. निरनिराळ्या उत्पादकांच्या नमुन्यांत या खुणा निरनिराळ्या असतात. साचा करताना त्या सर्व वाद्यांसाठी सारख्या करून घेतल्या, तर रचताना आठवत बसावे लागत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. ८ वाजून १५ मिनिटांची लोकल पकडायची आणि स्थानकाला चालत दहा मिनिटे लागतात, तर घर ८ वाजून ५ मिनिटांनी सोडावे लागते. गजाने हळुवार वाजवलेला सूर कानाला ‘लागायला’ वेळ घेतो. छेडलेला सूर जवळजवळ तत्काळ लागतो. समजा, पहिल्याला १२० सहस्रांश सेकंद लागतात. मिनिटाला १२० मात्रांची लय असेल तर एक मात्रा ५०० सहस्रांश सेकंदांची, म्हणजे तो सूर जवळजवळ पाव मात्रा मागे पडला! म्हणून साच्यात त्या ओळीला तेवढेच आधी ‘घर सोडायला’ लावतात. प्रत्येक वादनप्रकाराचा हा आकडा एकदा मोजून लिहून ठेवायचा असतो.

तिसरी गोष्ट जागेची. सभागृहात तंतुवाद्ये पुढे आणि तालवाद्ये मागे बसतात. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. म्हणजे १२ मीटर मागच्या वाद्याचा आवाज सुमारे ३५ सहस्रांश सेकंद उशिरा पोचतो. त्यात सरळ येणाऱ्या ध्वनीच्या मानाने भिंतींवरून परतणारा घुमारा अधिक असतो. काही नमुने सभागृहात, वाद्याच्या ठरलेल्या जागीच मुद्रित केलेले असतात. त्यांत हे अंतर आपोआप उतरते. बंद खोलीत मुद्रित केलेल्या कोरड्या नमुन्यांना ते साच्यात द्यावे लागते. नाहीतर बासरी खोलीत आणि ट्रंपेट मंदिराच्या सभामंडपात, असे विचित्र ऐकू येते.

सोळा व्हायोलिन म्हणजे किती?

चौथी गोष्ट समतोलाची आणि तिच्यातले भौतिकशास्त्र सर्वांत रंजक आहे. सोळा वादक एकच सूर वाजवतात तेव्हा त्यांच्या लहरी एकमेकींशी नेमक्या जुळलेल्या नसतात. अशा वेळी ऊर्जांची बेरीज होते. ऊर्जा १६ पट झाली, म्हणजे पातळी १२ डेसिबेलने वाढली. दर १० डेसिबेलला आवाज साधारण दुप्पट मोठा भासतो. म्हणजे सोळा व्हायोलिन एका व्हायोलिनच्या दुपटीहून थोडीच मोठी वाटतात.

मग एकाच व्हायोलिनच्या नमुन्याच्या सोळा प्रती एकाच वेळी वाजवल्या तर? त्या लहरी तंतोतंत सारख्या असल्याने त्यांचे आयाम थेट मिळतात. आयाम १६ पट, म्हणून ऊर्जा २५६ पट आणि पातळी २४ डेसिबेलने वर जाते. पण ऐकू येते ते खूप मोठे झालेले एकच व्हायोलिन! गटाचा भरीवपणा येतो तो वादकांमधल्या बारीक फरकांतून: कोणी क्षणभर आधी, कोणाचा सूर केसभर चढा. म्हणून व्हायोलिनगटाचे नमुने गटाकडूनच वाजवून घेतात. संगणकाला एरवी नकोशी वाटणारी विसंगतीच येथे मोलाची ठरते.

साचा जे सांगत नाही

साच्याला मर्यादाही आहेत. क्लॅरिनेटवादकाला श्वास घ्यावा लागतो. संगणक मिनिटभर न थांबता तो सूर धरील. व्हायोलिनच्या सर्वांत खालच्या तारेखाली सूर नाही. संगणक नमुना ताणून तोही देऊ शकेल. अशी रचना पुढे खऱ्या वादकांसमोर गेली तर वाजणारच नाही. २०१६ च्या ‘सैराट’साठी अजय-अतुल यांनी अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळच्या सोनी स्टुडिओत पाश्चात्त्य वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला. अशा ठिकाणी वादक बसल्यावर चुका दुरुस्त करणे फार महाग पडते. म्हणून साच्यात वाद्यांचे खरे पल्ले आणि स्वरलिपीच्या कागदावरचाच क्रम पाळणे शहाणपणाचे.

दुसरी मर्यादा अधिक सूक्ष्म आहे. तयार मिळणारे बहुतेक साचे पाश्चात्त्य वाद्यवृंदाचे असतात. त्यांत ढोलकी, हलगी, सनई यांच्यासाठी रकाना नसतो. मींडेचीही अडचण होते. मिडीमध्ये सूर सरकवण्यासाठी १६,३८४ पायऱ्या आहेत, म्हणजे आकडे पुरेसे आहेत. पण ज्या नमुन्यात एकच स्थिर सूर मुद्रित केला आहे, तो नुसता सरकवला म्हणजे सनईवादकाच्या फुंकीची आणि ओठांची करामत त्यात येत नाही. जे रकान्यात आहे ते पटकन सुचते आणि जे नाही ते मागे पडते. म्हणून आपल्या संगीतकाराने तयार साचा जसाच्या तसा न घेता त्यात आपली वाद्ये बसवावीत आणि जिथे नमुना अपुरा पडतो तिथे एका खऱ्या वादकासाठी जागा मोकळी ठेवावी. सगळी वाद्ये नमुन्यांची आणि एकच सनई खरी, एवढ्यानेही रचनेत जिवंतपणा येतो.

वर्गात करून पाहा

‘ऑडॅसिटी’ ही विनामूल्य आज्ञावली शाळेच्या संगणकावर घ्या. विद्यार्थ्याने लांब म्हटलेला एक ‘आ’ ध्वनिमुद्रित करा. त्याची पातळी १२ डेसिबेलने कमी करून त्याच्या चार प्रती एकाखाली एक ठेवा आणि एकत्र वाजवा. मूळचाच आवाज तेवढ्याच पातळीवर परत मिळेल. आता तीन प्रती १० ते ३० सहस्रांश सेकंदांनी इकडेतिकडे सरकवा, त्यांचा सूर अगदी थोडा कमीजास्त करा आणि पुन्हा ऐका. शेवटी चार विद्यार्थ्यांना तोच सूर खरोखर एकत्र म्हणायला सांगून तोही मुद्रित करा. तिन्ही आवाजांत काय फरक वाटतो आणि तिसरा दुसऱ्यापेक्षा वेगळा का वाटतो, हे विद्यार्थ्यांना आपापल्या शब्दांत लिहायला सांगावे.