चेहऱ्यावर पोट, तरी रग्बीचा नाद

आमच्या कळंबच्या किनाऱ्यावर ओहोटी लागली की पोरं फुटबॉल नाहीतर कबड्डी मांडतात. मला रग्बी कळली ती फोर्टातल्या नोकरीमुळे. पावसाळ्यात ऑफिस सुटलं की बॉम्बे जिमखान्याच्या कुंपणाशी थांबायचो. 1933 साली भारतातली पहिली क्रिकेट कसोटी याच मैदानावर झाली. पण चिखल झाला की इथे लंबगोल चेंडूचं राज्य. नंतर धावतपळत चर्चगेटहून विरार लोकल.

या खेळातलं आपल्या ओळखीचं नाव राहुल बोसचं. 1994च्या ‘इंग्लिश, ऑगस्ट’मुळे तो नट म्हणून माहीत होता. 1998 साली भारताचा रग्बी संघ पहिल्यांदाच आंतरराष्ट्रीय स्पर्धेत, आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत उतरला, त्या संघात तो होता! कधी स्क्रम-हाफ, कधी उजवा विंगर.

स्क्रम-हाफचं काम सोपं नाही. दोन्हीकडचे आठ-आठ गडी खांदे भिडवून एकमेकांना रेटतात. स्क्रम-हाफ त्यांच्यामध्ये चेंडू सोडतो आणि तो मागून बाहेर आला की उचलून साथीदाराकडे फेकतो. तोही मागे किंवा आडवा, कारण हाताने पुढे पास देता येत नाही. तेवढ्यात समोरचा धिप्पाड गडी अंगावर आलेला असतो. पकड कबड्डीतल्यासारखीच, पण सुसाट पळत्या माणसाला. समोरची रेषा ओलांडून चेंडू जमिनीला टेकवला की पाच गुण.

ज्याचं पोट चेहऱ्यावर चालतं त्याने हा नाद करावा, याचं मला नवल वाटायचं. नाक मोडलं तर शूटिंग अडणार, आणि त्या काळी आपल्याकडे रग्बीत दमडी मिळत नव्हती. तरी तो वर्षानुवर्षं भारताकडून खेळला, पुढे राष्ट्रीय महासंघाचा अध्यक्ष झाला.

दरम्यान खेळ जिमखान्याबाहेर पडला. महिलांचा पंधरा जणींचा संघ 2018 साली पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला, 2019मध्ये सिंगापूरला हरवून पहिला विजय मिळवला. पुण्याची वहबिज भरुचा या संघाची कर्णधार राहिली. जून 2025मध्ये अंधेरीच्या क्रीडा संकुलात सहा संघांची रग्बी प्रीमियर लीग झाली, परदेशी खेळाडूंच्या बरोबरीने आपली पोरं उतरली.

पण लीग दोन आठवड्यांची आणि वर्ष बारा महिन्यांचं. उरलेल्या दिवसांत खेळाडूने खायचं काय? सिनेमाच्या कमाईवर हा नाद पुरा केलेल्या अध्यक्षाला हा प्रश्न कुणी समजावून सांगायला नको.