मोडीत निघालेलं पेन

पालघरच्या एका सराफाच्या तराजूत काळं पडलेलं एक पेन होतं. "मोडीत आलंय, आटवायचं," काका म्हणाले. टोपण निरखलं तर बारीक अक्षरांत पार्कर आणि स्टर्लिंग. शिकवण्यांचे साठवलेले पैसे खिशात होते. चांदीच्या भावाने पेन घेतलं आणि केळवे रोडला उतरेपर्यंत विचार करत राहिलो, की हा नाद परवडणार का?

स्टर्लिंग म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी, बाकी बहुतेक तांबं. शुद्ध चांदी फार मऊ, म्हणून ही भेसळ मुद्दाम केलेली. माझं पेन निघालं 'पार्कर ७५'. १८८८ साली सुरू झालेल्या कंपनीच्या पंचाहत्तरीचं हे पेन. अंगावर चौकड्यांची नक्षी, निब १४ कॅरेट सोन्याची आणि हाताच्या कलाप्रमाणे फिरवून घेता येणारी. १७१५ मध्ये फ्लोरिडाजवळ बुडालेल्या स्पॅनिश जहाजांची चांदी वापरून पार्करने १९६५ मध्ये याच पेनाची खास आवृत्ती काढली होती. तिकडे चांदी वितळवून पेन केलं, इकडे पेनच वितळायला निघालं होतं!

तुम्हाला जुनं पेन घ्यायचं असेल, तर आधी '९२५' किंवा 'स्टर्लिंग' हा शिक्का शोधा. नुसता मुलामा असेल तर कडांवर घासून खालचा पिवळसर धातू दिसतो. वजनावर जाऊ नका, आतले भाग चांदीचे नसतात. निबची दोन्ही टोकं सरळ आहेत का, टोपण घट्ट बसतं का, हे बघा. कसोटीच्या दगडावर मात्र घासू देऊ नका, चरा कायमचा राहतो.

घरी आल्यावर मी एक गाढवपणा केला. टूथपेस्टने टोपण घासलं. चकाकी आली, पण बारीक ओरखडेही आले. नंतर कळलं की नक्षीच्या खाचांतला काळेपणा मुद्दाम ठेवलेला असतो, चौकडी उठून दिसते ती त्यामुळेच. वरचा डाग चांदी पुसायच्या मऊ कापडाने जातो. आत सुकलेल्या शाईसाठी निबचा भाग रात्रभर साध्या पाण्यात ठेवायचा. गरम पाणी नको, स्पिरिट नको.

शाईसाठी लांब जावं लागलं नाही. दांडेकरांनी १९३१ साली सुरू केलेल्या कॅमलिनचा कारखाना आमच्या तारापूर एमआयडीसीत आहे. फाउंटन पेनची साधी निळी शाई पुरते. चित्रकलेची वॉटरप्रूफ शाई मात्र चुकूनही भरू नका, पेन तुंबतं.

चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकामुळे, आणि दमट हवेत जास्त लवकर. केळव्याच्या सुरूच्या बनात राहणाऱ्याने तर हे धरूनच चालावं. रबरबँड लावून कपाटात ठेवलं, तर हमखास काळं. रोज हातात राहिलं, तर बोटांच्या घासण्यानेच उजळ राहतं.

आता लेक्चरच्या नोट्स याच पेनाने लिहितो. मित्र विचारतात, "एवढं महागाचं रोज वापरतोस? हरवलं तर?" भीती वाटतेच. पण आधीच्या घरात कुणीतरी ते जपून कपाटात ठेवलं असणार, आणि शेवटी ते तराजूत आलं. त्यापेक्षा ते माझ्या खिशात बरं.