संगणकाची शाळा
अमेरिकेतील मॉन्टगोमेरी परगण्यातील छातीच्या एक्स-रे चित्रांचा एक संच आहे. त्यात फक्त १३८ चित्रे आहेत. त्यांपैकी ५८ चित्रांत क्षयरोगाच्या खुणा आहेत. एवढ्या थोड्या चित्रांवरून संगणकाला रोग ओळखायला कसे शिकवायचे?

तुम्हांला उर्दू वाचता येत होते. म्हणून मराठी शिकताना अक्षर, शब्द, वाक्य म्हणजे काय, हे पुन्हा शिकावे लागले नाही. संगणकाचेही तसेच असते. आधी त्याला मांजर, झाड, मोटार अशी लाखो साधी चित्रे दाखवतात. त्यांवरून तो रेषा व आकार ओळखू लागतो. मग थोडे एक्स-रे पुरतात. तेच चित्र जरा फिरवून, जरा उजळ करूनही दाखवतात.

पण संगणक कधी कधी रोगाऐवजी चित्राच्या कोपऱ्यातील खूणच पाठ करतो! म्हणून दुसऱ्या रुग्णालयातील, न पाहिलेल्या चित्रांवर त्याची परीक्षा घेतात.

क्षयरोग शोधण्यासाठी १५ वर्षे व त्यापुढील व्यक्तींचे एक्स-रे संगणकाकडून तपासून घेता येतील, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सांगितले. संगणक फक्त संशय दाखवतो. खात्री थुंकीच्या तपासणीने होते. मात्र जिथे एक्स-रे वाचणारा डॉक्टर नाही, तिथे रुग्ण लवकर सापडतो. वेळेवर व पूर्ण औषध घेतले, तर क्षयरोग बरा होतो.